पुरणारे कप

"आता कप पुरतात ना रे?" एवढंच आ-केंगने बँकॉकहून लिहिलं होतं. ही चेष्टा की राग, ते मला कळेना. उत्तर राहून गेलं आणि वर्षं सरली.

आमच्या चाओचौ शहरात माणसं कितीही असोत, चहाचे कप तीनच मांडतात. आम्ही मित्र चौघे, त्यामुळे रोज कुणीतरी थांबायचं.

"आधी तू घे."

"गप म्हाताऱ्या, तूच घे!"

वाद मिटेपर्यंत चहा गार व्हायचा. आ-केंग कायमचा मुलाकडे निघाला, तेव्हा मीच म्हणालो होतो, "बरं झालं, आता कप पुरतील."

आज पत्र पेटीत टाकलं: "पुरतात. कुणी कुणाला आग्रह करत नाही. चहा लगेच संपतो आणि आम्ही उठतो. तू ये."