पहाटेचा कोपरा

भरलेल्या डंपरचं मागचं चाक नव्या काँक्रीट रस्त्याच्या स्लॅबवर, कोपऱ्यात येऊन थांबलं. कुडकुडत मृण्मयीने, वजनाने स्लॅब किती दबतो ते दाखवणाऱ्या काट्यावर डोळे लावले.

काल भर दुपारी इथेच काटा जेमतेम हलला होता. "रस्ता पास," ती म्हणाली होती, तिचे वरिष्ठ बोरवणकर साहेब मात्र अडून बसले, "उद्या पहाटे पुन्हा मोजायचं." त्यांच्या असल्या रोजच्या किटकिटीला कंटाळूनच तिने बदलीचा अर्ज दिला होता. आजही वाटभर ती त्यांच्या नावाने बोटं मोडत आली होती.

काटा सर्रकन फिरला. दुपारी उन्हाने टेकलेला कोपरा रात्रीच्या गारठ्याने शिळ्या भाकरीच्या कडेसारखा उचलला गेला होता. खाली पोकळी होती. रस्ता खुला झाला असता, तर पहिल्याच हंगामात उसाच्या ट्रकांखाली कोपरे तुटले असते, आणि सही तिची असती.

साहेब रागावले नाहीत. थर्मासमधला पहिला चहा तिच्या हातात देत एवढंच म्हणाले, "तुमच्या बदलीच्या अर्जावर आज सही करतो."

चहाच्या वाफेने तिचा चष्मा धुरकटला, ते बरंच झालं.

"राहू द्या, साहेब. अजून तीन कोपरे मोजायचेत."