परतीचा भरवसा

मनिलातल्या एका इस्पितळात नर्स असलेली रोवेना युरोप बघायचा म्हणून रजा काढून तिथल्या एका देशाच्या व्हिसाच्या खिडकीपुढे उभी राहिली.

"तुम्ही परत याल कशावरून?" खिडकीतल्या साहेबानं विचारलं.

"न येऊन जाते कुठे? अख्ख्या गल्लीनं चॉकलेटं सांगितलीत. मी नाही आले, तर आईला गल्लीतून चालणं मुश्किल होईल!"

साहेबाला काही ते पटलं नाही. घरी पत्र आलं. 'अर्जदार मायदेशी परत जाईल, याची खात्री वाटत नाही. व्हिसा नामंजूर.' गल्ली रुसली ती रुसलीच.

पुढच्याच महिन्यात त्याच देशातल्या एका इस्पितळाच्या बाई, नर्स मिळत नाहीत म्हणून थेट मनिलात आल्या. रोवेनाचं काम बघून बेहद्द खूश झाल्या. सगळं ठरत आलं, पण बाईंच्या मनात एक धाकधूक होतीच.

"इकडच्या मुलींना घरची आठवण फार येते. तू मध्येच परत तर येणार नाहीस ना?"

रोवेनानं पर्समधून ते पत्र काढून बाईंच्या हातात दिलं.



"अजिबात काळजी करू नका बाई, तुमच्याच सरकारनं लिहून दिलंय!"