भांडायला येणारा माणूस

“सभा बुडाली ती तुझ्या हट्टापायी!” जासिमनं काठी फरशीवर आपटली.

“आणि तू? तू तोंडात मिठाची गुळणी धरून बसला होतास!” हमीद पलंगावरून ओरडला.

खदिजानं हमीदच्या दंडाला पट्टा बांधला. प्रेशर पुन्हा चढलं होतं.

खदिजा दापोलीची. बहरीनमधल्या झिंज वस्तीतल्या या घरी ती चार वर्षं हमीदची नर्स होती. अरबी आता तिला चांगलं कळायचं, पण या म्हाताऱ्यांचं रोजचं भांडण तिच्या पचनी पडत नव्हतं. दोघं त्र्याहत्तर साली बहरीनच्या राष्ट्रीय सभेत निवडून गेले होते, वेगवेगळ्या गटांतून. माणसाला खटल्याशिवाय कोंडून ठेवायचा कायदा सरकारनं आणला. सभा अडून बसली. पंच्याहत्तरच्या ऑगस्टात अमिराच्या हुकमानं सभाच बरखास्त झाली. चूक कुणाची, यावर हे अजून भांडत होते. जासिम यायची वेळ झाली की हमीद सभेला घालायचा तो काळा झगा अंगावर चढवून मागायचा, पलंगातल्या पलंगात.

“असंच चाललं तर पक्षाघाताचा दुसरा झटका येईल,” डॉक्टरांनी बजावलं. हमीदची लेक अदीबा म्हणाली, “खदिजा, तूच काय ते बघ.”

दुसऱ्या दुपारी खदिजानं जासिमला फाटकातच अडवलं. “बाबा झोपलेत.” पुढच्या दिवशीही तेच. जासिमनं वाद घातला नाही. उन्हात गाडीला टेकून तो बराच वेळ उभा राहिला आणि अदलियातल्या आपल्या घरी परत गेला. त्यानंतर तो आला नाही.

हमीदचं प्रेशर उतरलं. खदिजाच्या जिवात जीव आला. पण मग त्याचं जेवण सुटलं. बोलणं सुटलं. झगाही तो मागेनासा झाला. घाबरून तिनं जासिमच्या घरी फोन लावला. सुनेनं उचलला. जासिमला सलमानियाच्या इस्पितळात नेलं होतं, तिथंच तो गेला. दफनही झालं होतं.

खदिजानं हमीदपाशी बसून सगळं खरं सांगितलं. तिला रडू आवरेना. “माफ करा, बाबा. मला वाटलं, तो तुमच्या जिवावर उठलाय.”



“त्या सभेतले आम्ही दोघंच उरलो होतो, पोरी,” हमीद म्हणाला. “रोज दुपारी ती या खोलीत भरायची. तेव्हा हुकूम काढून बंद केली होती. या खेपेला तू केलीस.”