फ्लेक्सवरचे पालक

नांदे गावातल्या नव्या शाळेला सोमवारपर्यंत पंचवीस पोरं मिळाली नाहीत, तर संस्था शाळा उघडणारच नव्हती. मुख्याध्यापिका आरिफा मॅडमनी आठवडाभर घरोघरी जाऊन चहा प्यायला, पित्त वाढवून घेतलं, पण पोर एकही हाती लागलं नाही.

शेवटी शिपाई सिद्धनाथ म्हणाला, "म्याडम, पत्रकं कोण वाचतंय हितं? चौकात मोठा फ्लेक्स लावू. जो पालक शाळेत येणार, त्याचा फोटो फ्लेक्सवर."

दोन दिवसांत मॅडमच्या मोबाईलवर पंचवीस फोटो येऊन पडले. कुणी गॉगल लावलेला, कुणी फेटा बांधलेला, एक जण तर शर्यतीच्या बैलासकट. मॅडमनी हरखून संस्थेला कळवून टाकलं, "पंचवीस झाले."

सोमवारी फ्लेक्सवरचे पंचवीसच्या पंचवीस पालक कडक इस्त्रीत गेटवर हजर झाले, आणि त्यांच्या मधोमध दप्तर घेऊन एकटी चिमुरडी समीक्षा उभी.

"बाकीची मुलं कुठायत?" मॅडमनी गेटबाहेर डोकावत विचारलं.

 

समीक्षाची आजी भागूबाई पदर सारखा करत म्हणाली, "बाकीची कुटली? ह्ये तिचं चुलतं, ह्ये मामं, त्यो बैलवाला आत्याचा नवरा. आमच्यात पोरगी एकट्या आईबापाची नसती, म्याडम."