ओढ्यातलं मीठ

“साहेब, आमच्या ओढ्यात मीठ कोण कालवतं?” मैत्रिणींशी पैज लागली होती, म्हणून शाळेत आलेल्या पाणी-अधिकाऱ्यांना मी बिनधास्त विचारलं. वर्ग खो-खो हसला.

“तुमच्याच घरचे, बाईसाहेब! शेताला जास्त पाणी दिलं की ते खाली मुरतं आणि जमिनीतलं मीठ घेऊन ओढ्यात उतरतं.”

माझं हसू तिथंच विरलं. आई लग्न होऊन आली तेव्हा ओढा गोड होता. अजूनही ती येता-जाता आशेने ओंजळ तोंडाला लावते, आणि थुंकते.

घरी आले तर बाबा आईला कौतुकाने शेत दाखवत होते, “बघ, कसं तुडुंब भरलंय!”

“बाबा, उद्यापासून पाणी मी देणार, पिकाच्या तहानेपुरतंच. आणि आई, कितीही वर्षं लागू देत, एक दिवस तू ती ओंजळ पिणार आहेस.”