घसरगुंडी कुठल्या खणात?

“खेळसाहित्याचा अख्खा खण रिकामा करा,” खर्चाला कात्री लावायला आलेले कपातसाहेब म्हणाले. “एक बटण दाबायचं काम. जेवणाच्या सुट्टीआधी होऊन जाऊ दे.”

खणबाईंनी बटणाकडे नुसतं बघितलं. बांधकाम मुलांच्या दवाखान्याचं होतं आणि त्यातल्या प्रत्येक गोष्टीला त्यांनी कॉम्प्युटरवर एक खण नेमून दिला होता. जिने एका खणात, दारं दुसऱ्यात, नळ तिसऱ्यात. आराखडे, दर, मागण्या, तपासण्या, सगळं खणाच्या क्रमांकानं चालायचं. आर्किटेक्ट, इंजिनियर आणि ठेकेदार एकाच वस्तूला तीन नावांनी हाका मारत, पण खण एकच. बाईंचं खरं नाव साइटवर आता कुणालाच आठवत नव्हतं.

खेळसाहित्याच्या खणात एकच वस्तू होती. पहिल्या मजल्यावरच्या वॉर्डातून खाली अंगणात उतरणारी घसरगुंडी. ती जिनं आखली ती आर्किटेक्ट समोरच बसली होती आणि ती खणबाईंच्या सख्ख्या बहिणीची मुलगी होती. तिची ही पहिलीच इमारत.

साहेब फोनवर बोलायला बाहेर गेले. भाची लगेच टेबलावर वाकली.

“मावशी, जिन्यांच्या खणात टाक ना. कोण बघतंय?”

“इथं मी मावशी नाही. आणि मी बघतेय.”

“एका घसरगुंडीनं काय आभाळ कोसळणार आहे?”

“आज घसरगुंडी जिन्यांत, उद्या ठेकेदार खिडक्या दारांत घुसवील. परवा इथं कुणाला काही सापडायचं नाही.”

“आई म्हणते ते खरंय. लहानपणी तू बाहुल्यासुद्धा उंचीप्रमाणे लावायचीस.”

“रंगाप्रमाणे. उंचीप्रमाणे तुझी आई लावायची. आणि चुकायची.”

भाचीला हसू आलं, पण डोळे भरलेले होते. तिच्या आराखड्यात घसरगुंडीच्या पायथ्याशी एक मूल काढलेलं होतं. हाताला सलाइनची पट्टी आणि तोंडभर हसू. बटण दाबलं की तेही जाणार होतं. खणबाईंनी तो आराखडा कितीतरी वेळा उघडला होता, कारण नसताना.

पण नियमाच्या बाबतीत त्या नाकासमोर चालत. नियम त्यांनीच केलेला. वस्तूचं नाव विचारायचं नाही, काम विचारायचं. भिंतीला टेकून उभं असलेलं कपाट हे कपाट. तेच दोन खोल्यांच्या मधोमध छतापर्यंत उभं राहून त्यांना वेगळं करत असेल, तर भिंतींच्या खणात. ठेकेदार यावर आठवडाभर भांडला होता आणि शेवटी हात टेकून गेला होता.

खणबाईंचा हात माउसवर थांबला. घसरगुंडीला त्यांनी काम विचारलंच नव्हतं. नाव ऐकलं आणि खण देऊन मोकळ्या झाल्या.

त्या उठल्या, हेल्मेट डोक्यावर चढवलं आणि दारात येऊन म्हणाल्या, “साहेब, उडवायच्या आधी वस्तू एकदा बघून घेऊ.”

उतार बरोबर बसतो का हे पाहायला सुतारानं वरच्या वॉर्डापासून अंगणापर्यंत पूर्ण मापाचा लाकडी नमुना उभारला होता. वर गुळगुळीत सनमायका. तिघं तिथं पोचले आणि जेवणाची शिट्टी झाली.

आधी फरशीवाले आले. एकामागोमाग एक, डबे छातीशी धरून, सुर्र करत खाली. मग वायरमन, गळ्यात वायरची वेटोळी अडकवून. मग रंगारी. सगळ्यांत शेवटी मुकादम, दोन्ही हातांनी पोट सावरत. खाली पोचल्यावर त्यांना दोघांनी ओढून उभं केलं.

“काय मुकादम, खेळ चाललाय?” खणबाईंनी विचारलं.

“खेळायला सवड कुणाला आहे, बाई? भुकेनं जीव चाललाय. जिन्यानं आलं तर सगळ्या इमारतीला वळसा पडतो.”

“म्हणजे जिना कुणी वापरत नाही?”

“वापरतो की. वर जाताना.”

खणबाई साहेबांकडे वळल्या. “माणसं वरच्या मजल्यावरून खालच्या मजल्यावर आणते. रोज, सगळ्यांना. हे काम खेळसाहित्याचं नाही, साहेब, मार्गाचं आहे. खण चुकला होता. चूक माझी.”

“अहो, पण ही घसरगुंडी आहे!”

“ते तिचं नाव झालं.”

साहेबांनी मान हलवली. ऐकीव गोष्टीवर सही करायची नाही, हा त्यांचाही नियम होता. ते जिन्यानं वर गेले. बराच वेळ वरच उभे राहिले. अंगणातलं जेवण थांबलं. मग एक आरोळी ऐकू आली आणि साहेब खाली आले, टाय खांद्यावर, एक बूट मागे राहिलेला.

“मार्ग आहे,” ते धापा टाकत म्हणाले. “निर्विवाद मार्ग आहे.” आणि इतके हसले, की हातातले घास तसेच धरून सगळं अंगण हसायला लागलं.

ऑफिसात परत येऊन खणबाईंनी घसरगुंडी मजल्या-मजल्यांमधल्या मार्गांच्या खणात हलवली. मग साहेबांसमोर खेळसाहित्याचं बटण दाबलं. रिकामा खण निमूटपणे उडाला. भाचीनं मावशीच्या गळ्यात हात टाकले. मावशीनंही या वेळी ऑफिस आहे वगैरे काही म्हटलं नाही.

तेवढ्यात पडद्यावर लाल पट्टी झळकली.

“आता काय झालं?” भाचीचा आवाज चिरकला.

खणबाईंनी चष्मा लावून पट्टी नीट वाचली. मग पुन्हा एकदा वाचली.

“मार्गांच्या खणाला साहेबांच्या ऑफिसनं एक अट घातलेली आहे. इमारतीच्या एका टोकाला जो मार्ग असेल, तसाच दुसऱ्या टोकालाही हवा.”

“म्हणजे?” कपातसाहेबांनी विचारलं.

“म्हणजे, साहेब, एक घसरगुंडी कमी पडतेय.”