दुधाळ ऑईल

बूच सुटलं आणि धार लागली, पण ती ऑईलची वाटेना. रंग दूध घातलेल्या चहाचा. ट्रॅक्टरच्या पोटाखाली उताण्या पडलेल्या लम्दुआनने धारेत बोट धरलं, दुसऱ्या बोटाशी चोळलं.

"पाणी आहे," ती म्हणाली.

तिचे थोरले दीर, थाविन भाऊजी, शेडच्या खांबाला टेकून उभे होते. त्यांचं म्हणणं आठवडाभर हेच होतं. उचललेला नांगर आपोआप खाली बसतो तो हायड्रॉलिकमध्ये पाणी गेल्यामुळे, आणि पाणी गेलं ते लम्दुआनने कालव्याकडच्या खोलगट शेतात ट्रॅक्टर घातल्यामुळे. पाणी निघालं तर चावी आपल्याकडे, असं त्यांनी सकाळीच बजावलं होतं. चावी गेली तर लम्दुआनला यंदा पुन्हा चिखलात वाकून रोपं लावायची होती. दोन हंगाम ती शेताकडे ट्रॅक्टरच्या सीटवरून बघत आली होती.

"डबा भरू दे, मासेही निघतील," भाऊजी म्हणाले. "म्हैस डुंबवावी तसा डुंबवलास. आण ती चावी."

"जाळी काढायचीय अजून."

तिचं बोट अजून अंगठ्यावर फिरत होतं. शेतातलं पाणी म्हणजे चिकणमाती, ती बोटाला लागल्याशिवाय राहत नाही. इथे कण नव्हता. तिने तसं सांगितलं. भाऊजी म्हणाले, माती जाळीत बसली असेल, बघ की.

तिने पान्हा लावला. कागदी फिल्टर भिजलेल्या भाकरीसारखा फुगून हातातच फाटला. त्याच्या मागची तारेची जाळी तिने अलगद बाहेर ओढली आणि उजेडात धरली. माती नव्हतीच. एका कोपऱ्यात नखाएवढं काहीतरी तपकिरी चिकटलं होतं. ते तिने डिझेलमध्ये खळबळलं, तळहातावर पसरलं. त्यावर बारीक शिरा होत्या. शेजारी तसंच आणखी एक, आणि बोटभर दोरा.

फुलाची पाकळी. ट्रॅक्टरच्या पोटात.

लम्दुआन उठून वर चढली. गिअरच्या दांड्याला ट्रॅक्टरच्या यानांग मायचे रंगीत कपडे बांधलेले होते. वाहनाची राखण करणारी ही देवी प्रत्येक वाहनात असते, आणि या ट्रॅक्टरमध्ये ती दांड्याच्या गोल मुठीत बसते, असं सासूबाईंनी कधीच ठरवून टाकलं होतं. लम्दुआनने कपडे बाजूला सारले. दांड्याच्या बुडाचं रबर उभं चिरलेलं होतं, आणि त्याच्या खाली थेट ऑईलच होतं. दर उपोसथाला, बुद्धाच्या व्रताच्या दिवशी, देवळात जाण्याआधी सासूबाई त्या मुठीवर मोगऱ्याचा गजरा भिजवलेलं सुगंधी पाणी ओतत. वाटीभर. वर्षानुवर्षं.

आजही उपोसथच होता. खोटं न बोलण्यासारखे आठ नेम पाळायचं अष्टशील घेऊन, पांढऱ्या वस्त्रांत म्हातारी समोर बांबूच्या बाकावर बसली होती आणि सून काय शोधतेय ते मोठ्या उत्सुकतेने बघत होती.

लम्दुआनने पाकळीवर मूठ मिटली. खाली उतरली. खिशातून चावी काढून भाऊजींपुढे धरली.

"पाणी माझ्याच हातून गेलं," ती म्हणाली.

भाऊजींनी चावी घेतली. एवढ्या सहज मिळेल असं त्यांना वाटलं नसावं. ते ती नुसतीच उलटसुलट करत राहिले.

"दुसरा हात उघड," म्हातारी बाकावरूनच म्हणाली.

"काही नाही आई, घाण आहे."

"आज शील मी घेतलंय. माझ्यापायी खोटं तू बोलू नकोस."

मूठ उघडली. म्हातारी जवळ आली, पाकळीवर वाकली. मग मुलाचा हात धरून ट्रॅक्टरवर चढली. रबराची चीर तिने डोळ्यांनी पाहिली, तिच्यात करंगळी घालून पाहिली, पार पेरापर्यंत. लाजलीबिजली नाही. चेहऱ्यावर फार दिवसांचं कोडं सुटल्यासारखं काहीतरी होतं.

"तरीच," ती म्हणाली. "वाटीभर ओतावं, आणि खाली थेंबही पडू नये. मला वाटायचं, माय पिते."

भाऊजींनी तोंडावरून हात फिरवला. त्यांना हसू येत होतं की दुसरं काही, ते कळलं नाही. मग ते कोपऱ्यातून नव्या ऑईलचे डबे न सांगता उचलून आणू लागले. लम्दुआनने जुन्या ट्यूबचा तुकडा कापून दांड्याच्या बुडाशी तारेने आवळला, जाळी धुऊन बसवली, नवा फिल्टर घातला, बूच घट्ट केलं. शेवटचा डबा रिकामा झाला तेव्हा भाऊजींनी चावी तिच्या हातात टाकली.

"लाव."

इंजिन दोनदा खोकलं आणि लागलं. नांगर उचलणारे मागचे दोन लोखंडी हात थरथरत वर आले, म्हातारीच्या डोक्याच्याही वर. लम्दुआनने इंजिन बंद केलं. तिघंही हातांकडे बघत राहिली. हात तसेच वर राहिले, खाली बसले नाहीत.

म्हातारी घरात जाऊन पाण्याची वाटी घेऊन आली आणि घुटमळली. यानांग मायला काहीच न वाहता उपोसथ जाऊ देणं तिच्या जिवावर आलं होतं.

"मग आता ओतू कुठे?"

लम्दुआनने भाऊजींकडे पाहिलं.

"आई, वडीलधाऱ्यांच्या डोक्यावर कुणी पाणी ओततं का?" भाऊजी हळू आवाजात म्हणाले. "नव्या वर्षाला आशीर्वाद घेताना आम्ही तुझ्या कुठे ओततो?"

म्हातारीने टाचा उंचावल्या. आधी ट्रॅक्टरच्या उजव्या हातावर, मग डाव्या हातावर, तिने सावकाश पाणी सोडलं. मग हात जोडून ती त्या दोन हातांखाली मान लववून थांबली. वरून एक थेंब सुटला आणि तिच्या पांढऱ्या केसांत पडला.